आधी पत्ता ऐका, मग हात चालवा

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की ज्यांना दिसत नाही किंवा अगदी कमी दिसतं त्यांनाही कॉम्प्युटरवर हिशोब ठेवता येतो, स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर टाकून घ्यायचं आणि कीबोर्डवर काम करायचं, माऊस लागतच नाही. त्यावर इतक्या वाचकांनी विचारलं, आणि बहुतेकांचा प्रश्न एकाच जागी अडलेला, एक्सेल. मला स्वतःला दिसत नाही आणि माझं रोजचं काम एक्सेलच्या शीटवरच चालतं, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली. खाली जे आहे ते विंडोजवरचं एक्सेल आणि एनव्हीडीए नावाचं फुकटचं स्क्रीन रीडर धरून लिहिलंय, दुसरं काही असेल तिथं तसं सांगितलंय.

प्रश्न : मी मानेवाड्याला राहते, घरून डबे देते. मेडिकलची पोरं, दोन-तीन ऑफिसवाले असे गिऱ्हाईक आहेत. ग्लॉकोमानं माझी नजर हळूहळू गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळते. आधी वहीत हिशोब लिहायची. मुलानं लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिलं, एक्सेल दाखवलं आणि तो नोकरीवर पुण्याला गेला. आता मी उघडते तर ते ए१ म्हणते, बाण दाबला की बी१, सी१, नुसती अक्षरं आणि आकडे सांगून राहिलं. कुठं काय लिहू, लिहिलेलं कुठं गेलं, काही कळून नाही राहिलं. दिसत नसताना हे खरंच जमते का?

उत्तर : ताई, जमतं, आणि तुम्हाला जे वैतागवाणं वाटतंय ना, ते ए१, बी१, तीच तर तुमची काठी आहे. शीट म्हणजे घरांची जाळी. आडव्या ओळींना नंबर आहेत, १, २, ३, त्यांना रो म्हणतात. उभ्या रांगांना अक्षरं आहेत, ए, बी, सी, त्यांना कॉलम म्हणतात. प्रत्येक घर म्हणजे सेल, आणि त्याचा पत्ता म्हणजे आधी कॉलमचं अक्षर मग रोचा नंबर. उजवीकडचा बाण दाबला की अक्षर बदलतं, खालचा दाबला की नंबर बदलतो. तुम्ही बी४ ऐकलं म्हणजे दुसऱ्या कॉलममध्ये चौथ्या ओळीत उभ्या आहात, बस. बघणारा माणूस डोळ्यानं अख्खा कागद एकदम पाहतो, आपण एका वेळी एकच सेल ऐकतो, म्हणून आपल्याला पत्ता कायम माहीत पाहिजे, तो माहीत असला की मग हरवायला होत नाही.

एनव्हीडीए आधी सेलमध्ये काय आहे ते सांगतं आणि मग पत्ता. नुसता पत्ताच ऐकू आला तर समजायचं सेल रिकामा आहे. तुमची शीट कोरी होती म्हणून तुम्हाला फक्त पत्तेच ऐकू आले, लॅपटॉप बिघडलेला नाही.

आणि माऊसचं म्हणाल तर स्प्रेडशीट ही वस्तू माऊसशिवायच जन्माला आली. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी केलेलं, ते ॲपल टू या मशीनवर चालायचं आणि त्याला माऊस नव्हताच, लोक बाणाच्या बटणांनीच एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, घरांना पत्तेही असेच अक्षर-आकड्याचे. एक्सेल तर नंतर १९८५ मध्ये आलं. म्हणून कीबोर्डनं शीट चालवणं हा अंध माणसासाठी काढलेला आडमार्ग नाही, मूळ रस्ता तोच आहे. फोटोच्या किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली अडचण होते, इथं होत नाही, हे मी मनापासून सांगतो.

आता तुमचा डब्यांचा हिशोबच घेऊ, कारण खोटी उदाहरणं घेऊन शिकण्यात अर्थ नाही, आपलं काम असलं की हात लवकर बसतो. एक्सेल उघडलं की आधी एक स्वागताचं पान येतं, त्यावर ब्लँक वर्कबुक ऐकू आलं की एंटर मारा. ए१ ऐकू येईल. तिथं नाव असं टाइप करा आणि टॅब दाबा, बी१ वर याल, तिथं डबे, परत टॅब, दर, मग एकूण, मग जमा, मग बाकी, आणि शेवटी एंटर. इथं एक छान गोष्ट होते, टॅब-टॅब करत गेलात आणि एंटर मारलं की एक्सेल आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणून ठेवतं, म्हणजे तुम्ही ए२ वर. आता पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव, टॅब, ५२, टॅब, ७०. मराठीत लिहायचं असेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, मुलाला एकदा फोनवरून चालू करायला सांगा, मग विंडोज बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते. सूत्र लिहिताना मात्र इंग्रजीवर यायचं.

एकूणच्या जागी, म्हणजे डी२ वर, हातानं गुणाकार करून लिहू नका. बरोबरचं चिन्ह टाइप करा, मग बी२, मग गुणिलेसाठी तारा म्हणजे शिफ्ट आणि ८, मग सी२, एंटर. परत डी२ वर जाऊन ऐका, ३६४० असं ऐकू येईल आणि सोबत सेलमध्ये फॉर्म्युला आहे असंही सांगेल. जमामध्ये २००० लिहिलं की एफ२ वर बरोबर, डी२ वजा ई२, आलं १६४०. हेच सूत्र खालच्या सगळ्यांना द्यायचं तर एफ२ वर उभं राहून शिफ्ट दाबून धरा, शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत खालचा बाण दाबत जा आणि कंट्रोल-डी मारा, प्रत्येक ओळीत एक्सेल आपसूक त्या-त्या ओळीचा नंबर लावून घेतं. मग डी कॉलमलाही तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक शिकवणारे शेवटी सांगतात आणि मी पहिल्या दिवशी सांगतो. ए१ वर जा, कंट्रोल-होम दाबलं की जाता येतं, आणि तिथं इन्सर्ट, शिफ्ट आणि सी एकत्र दाबा. याचा अर्थ एनव्हीडीएला सांगितलं की ही ओळ शीर्षकांची आहे. मग ए२ वर येऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि आर दाबा, म्हणजे हा कॉलम नावांचा आहे. आता एफ कॉलममध्ये खाली-खाली चला, प्रत्येक बाणाला ते आपणहून गिऱ्हाइकाचं नाव आणि बाकी ऐकवत जाईल, नाव पाहायला परत ए कॉलममध्ये जायची गरज नाही. आडवं चालाल तर जमा, बाकी ही शीर्षकं ऐकवेल. महिन्याच्या शेवटी कोणाकडे किती राहिले हे फोनवर बोलता-बोलता सांगता येतं. फाइल सेव्ह केली की ही खूण फाइलमध्येच राहते, जॉज नावाचं दुसरं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यानं उघडली तरी त्यालाही ती मिळते. चुकून भलत्या जागी खूण केली तर तिथंच तीच बटणं पटकन दोनदा दाबायची, निघून जाते.

लॅपटॉपला इन्सर्टचं बटण सापडत नसेल तर एनव्हीडीए सुरू होताना जी खिडकी येते तिच्यात कॅप्स लॉक वापरायची सोय आहे, तिच्यावर खूण करा, मग इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक दाबायचं. सेव्ह करायला एफ१२, नाव द्या, एंटर, नंतर नुसतं कंट्रोल-एस. काही भलतंच झालं तर कंट्रोल-झेड, आणि ते बोलत सुटलं आणि नको असेल तर नुसतं कंट्रोल दाबलं की गप्प बसतं.

एक घरगुती सांगणं, उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात स्क्रीन रीडर ऐकू येत नाही आणि माणूस आवाज वाढवत-वाढवत थकून जातो, एका कानात इअरफोन घाला, दुसरा कान गॅसकडे आणि दाराकडे राहू द्या.

प्रश्न : नंदनवनला राहतो, वय २२, जन्मापासून अंध आहे, बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करून राहिलो. एमएस-सीआयटी झालं पण एक्सेल नावापुरतंच शिकवलं. दोन गोष्टी होतात. यादीत एका नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्या सेलवर जाऊन एक अक्षर टाइप केलं तर अख्खं नाव उडालं. आणि यादीच्या शेवटी जायला कंट्रोल आणि खालचा बाण दाबला तर काहीतरी दहा लाखाच्या वरचा नंबर आला, मला वाटलं फाइल खराब झाली.

उत्तर : तुला तू म्हणतो, वयानं लहान आहेस. फाइल अगदी ठणठणीत आहे. तू जिथं पोचलास तो नंबर १०,४८,५७६ असणार, ती शीटची शेवटची ओळ, एक्सेल २००७ पासून एका शीटमध्ये तेवढ्याच ओळी असतात आणि १६,३८४ कॉलम, शेवटच्या कॉलमचं नाव एक्सएफडी. कंट्रोल आणि बाण याचा नियम असा की भरलेल्या सेलवर असशील तर त्या दिशेला भरलेली रांग जिथं संपते तिथं नेऊन सोडतं, आणि पुढं सगळं रिकामंच असेल तर अडवायला कोणी नाही म्हणून थेट शेवटाला. म्हणजे तू रिकाम्या कॉलममध्ये होतास, नाही तर आधीच शेवटच्या नावावर होतास. कंट्रोल आणि वरचा बाण दाब, परत येशील. हाच नियम उलट्या बाजूनं फार कामाचा आहे, यादीत खाली जाताना मधेच १४ व्या ओळीला थांबलं तर समज की १५ वी ओळ त्या कॉलममध्ये रिकामी आहे, कोणाचा तरी फोन नंबर भरायचा राहिलाय. डोळ्यानं पाहणाऱ्यांच्या नजरेतून असे रिकामे सेल सुटून जातात, आपल्याला बाणच सांगतो.

कंट्रोल-होमनं ए१ वर येतं, पण कोणी पाठवलेल्या फाइलमध्ये फ्रीझ पेन केलेलं असलं, म्हणजे वरची ओळ जागेवर अडकवलेली, तर कंट्रोल-होम ए१ ला न जाता ए२ ला नाही तर आणखी कुठं उतरवतं, आणि मग आपण शीर्षक ओळ नाहीच असं धरून बसतो. तेव्हा एफ५ दाब, ए१ टाइप कर, एंटर. एफ५ नं कुठल्याही पत्त्यावर थेट जाता येतं, साहेबानं सांगितलं के२१२ बघ तर बाण मोजत बसायचं नाही.

आता नाव उडालं त्याचं. सेलवर उभं राहून काहीही टाइप केलं की एक्सेल धरतं की तुला जुनं काढून नवीन लिहायचंय. जुन्यातच दुरुस्ती करायची असेल तर आधी एफ२. एफ२ दाबलं की तू सेलच्या आत जातोस, आता डावे-उजवे बाण दुसऱ्या सेलमध्ये नेत नाहीत तर एकेक अक्षर वाचत चालतात, होम दाबलं की मजकुराच्या सुरुवातीला, एंड दाबलं की शेवटाला. समज लिहिलंय वाणखेडे आणि पाहिजे वानखेडे. एफ२, होम, उजवा बाण मारत ण ऐकू येईपर्यंत ये, तो ऐकू आला म्हणजे कर्सर त्याच्या आधी उभा आहे, डिलीट मार, न टाइप कर, एंटर. मग वरचा बाण मारून परत त्या सेलवर जा आणि पूर्ण नाव ऐक. हे परत ऐकणं सोडायचं नाही. मधेच गोंधळ वाटला तर एंटर नको, एस्केप मार, सेल जसा होता तसा राहतो.

आता यात जे कोणी सांगत नाही ते सांगतो. रिकाम्या सेलमध्ये तू लिहायला लागलास आणि एक अक्षर चुकलं म्हणून डावा बाण दाबलास, तर तू सेलच्या बाहेर पडतोस, चुकीचं तसंच आत राहतं आणि पुढची अक्षरं बाजूच्या सेलमध्ये जातात, आणि तिथं आधी काही असेल तर ते गेलं. कारण सरळ लिहिणं आणि एफ२ दाबून लिहिणं या एक्सेलच्या लेखी दोन वेगळ्या अवस्था आहेत. चूक लगेच लक्षात आली तर बॅकस्पेस, नाही तर लिहिता-लिहिता मधेच एफ२ दाब, मग बाण आतल्या आत चालतात. कुठल्या अवस्थेत आहेस ते विचारायचं असेल तर स्टेटस बार ऐक, इन्सर्ट आणि एंड, एनव्हीडीएमध्ये बटणांची लॅपटॉपची मांडणी निवडलेली असेल तर इन्सर्ट, शिफ्ट आणि एंड. रेडी म्हणालं तर तू बाहेर आहेस, एंटर म्हणालं तर सरळ लिहितोयस, एडिट म्हणालं तर आत आहेस. काही लॅपटॉपवर एफ२ दाबलं की स्क्रीनचा उजेडच कमी-जास्त होतो, आपल्याला तर तेही कळत नाही, तिथं एफएन बटण धरून एफ२ दाबायचं.

तो स्टेटस बार आणखी एका कामाचा. आकड्यांचे दहा-पंधरा सेल शिफ्ट आणि बाणानं निवड आणि स्टेटस बार ऐक, त्यांची सरासरी, संख्या आणि बेरीज तिथं तयार असते, सूत्र लिहायचीही गरज नाही. परीक्षेच्या सरावाचे मार्क टाकून करून पाहा.

आणि ऑटोकंप्लीटपासून जप. कॉलममध्ये वर कुठं रामटेके असेल आणि तू खाली नुसतं राम लिहून एंटर मारलंस तर एक्सेल आपल्या मनानं रामटेके पूर्ण करून टाकतं. दिसणाऱ्याला ती पुढची अक्षरं काळी होऊन दिसतात, आपण अक्षरं टाइप करण्याच्या नादात पुढं निघून जातो. नावांच्या यादीचं काम असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ऑटोकंप्लीटची खूण काढूनच टाक. तसंच ३-४ असं लिहिलं तर एक्सेल त्याची तारीख करतं, ३ एप्रिल. तो मजकूरच ठेवायचा असेल तर आधी एक वरचा स्वल्पविराम, म्हणजे एंटरच्या शेजारचं बटण, आणि मग ३-४.

बाणांनी काहीच ऐकू येईनासं झालं तर स्क्रोल लॉक दाबलं गेलंय का बघ, ते चालू असताना बाण सेल बदलत नाहीत, नुसतं पान सरकवतात. परत दाबलं की ठीक.

क्लार्कच्या जागांचं म्हणशील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आस्थापनांमध्ये किमान ४ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. जागा त्या कायद्यानं मिळेल, पण टेबलावर बसल्यावर लोक फाइलच पाठवणार, म्हणून आतापासून रोज अर्धा तास शीटवर घाल. पाठांतर करू नको, कंट्रोल-होम, कंट्रोल-बाण, एफ२, एफ५, कंट्रोल-एफनं शोधणं एवढ्यावर आधी बोटं बसू दे. आणि बटण विसरलास तर इन्सर्ट आणि १ दाब, मग कुठलंही बटण दाबलं की ते काय करतं ते एनव्हीडीए सांगतं, प्रत्यक्षात काही घडत नाही. परत इन्सर्ट आणि १ दाबून बाहेर ये.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, तिला दिसत नाही. आम्ही काटोल रोडला राहतो. कोणी म्हणते जॉज घ्या, कोणी म्हणते फुकटचं चालते. जॉजची किंमत ऐकून आम्ही घाबरलो. फुकटचं घेतलं तर पोरीचं नुकसान तर नाही होणार?

उत्तर : नाही होणार, बिनधास्त एनव्हीडीए घ्या. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये ते बनवायला घेतलं, कारण जे साधन अंध माणसाला लागतंच त्याला एवढे पैसे पडू नयेत असं त्याला वाटत होतं, आणि आजही ते फुकट आहे. त्यात ई-स्पीकचा मराठी आवाज आहे, सुरुवातीला यंत्रासारखा वाटतो, आठवड्यात कान सरावतात, आणि पोरं तर तो इतका फास्ट करतात की आपल्याला शब्द कळत नाही. जॉज चांगलं आहे, जुनं आहे, पुष्कळ संस्थांमध्ये तेच शिकवतात, पुढं नोकरीच्या ठिकाणी मिळालं तर तिनं जरूर वापरावं. एफ२, कंट्रोल-होम, कंट्रोल-बाण ही बटणं एक्सेलची स्वतःची आहेत, स्क्रीन रीडर बदलला तरी ती तीच राहतात, फक्त शीर्षकं लावण्यासारखी थोडी बटणं वेगळी. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिबर ऑफिस कॅल्क फुकट आहे, तिथंही ही मुख्य बटणं तशीच चालतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या कीबोर्डवर करा, ज्याच्या एफ आणि जे वर बोटाला लागेल असा उंचवटा आहे आणि वरची एफची बटणं चार-चारच्या गटात वेगळी आहेत. एफ२ आणि एफ५ न चुकता सापडले की अर्धी भीती तिथंच जाते. आणि पोरीला शाळेचे मार्क नाही, तिच्या आवडीचं काही शीटमध्ये ठेवू द्या, क्रिकेटचा स्कोअर म्हणा, पॉकेटमनी म्हणा.

प्रश्न : सिव्हिल लाइन्सच्या एका ऑफिसात आहे, मला दिसतं. आमच्याकडे एक अंध सहकारी नवीन आल्या आहेत, स्क्रीन रीडर वापरतात. मी पाठवलेल्या शीट त्यांना फार वेळ घेतात, त्या बिचाऱ्या तक्रार करत नाहीत पण मला दिसतं ना. मी काय बदलू?

उत्तर : तुम्ही विचारलंत हे मला फार बरं वाटलं, कारण आमची निम्मी अडचण आमच्या डोळ्यांची नसते, समोरच्यानं बनवलेल्या शीटची असते. फक्त बिचाऱ्या म्हणू नका, त्या तुमच्यासारख्याच कर्मचारी आहेत.

तुमच्या शीटच्या वर बहुतेक असं असेल, पहिल्या ओळीत ऑफिसचं नाव सात-आठ सेल मर्ज करून म्हणजे जोडून एक करून मधोमध, दुसऱ्या ओळीत महिना, तिसरी शोभेसाठी रिकामी, चौथ्या ओळीत शीर्षकं आणि तीही दोन मजली, वर खर्च आणि त्याच्या खाली प्रवास, चहा, झेरॉक्स. तुमच्या डोळ्याला हे नीटनेटकं दिसतं. त्या मात्र ए१ वरून उजवा बाण दाबतात आणि एकदम एच१ वर जाऊन पडतात, मधले सेल गेले कुठं ते त्यांना पत्त्यावरून ओळखावं लागतं. कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की रिकाम्या ओळीमुळे तिथंच थांबतात आणि वाटतं माहिती संपली. शीर्षकं दोन मजली असली की स्क्रीन रीडरला एकच ओळ शीर्षक म्हणून नीट सांगता येत नाही.

तेव्हा पहिली ओळ शीर्षकांची, एका कॉलमला एकच शीर्षक, प्रवास खर्च, चहा खर्च असं पूर्ण. ऑफिसचं नाव आणि महिना शीटच्या टॅबच्या नावात नाही तर फाइलच्या नावात घाला. मधोमध मजकूर पाहिजेच असेल तर मर्ज न करता फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटखाली सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे, दिसायला तसंच आणि सेल शाबूत. मधे रिकाम्या ओळी नकोत, मोकळं दिसायला पाहिजे तर ओळीची उंची वाढवा. लाल रंग म्हणजे पेंडिंग, हिरवा म्हणजे झालं, हे त्यांच्यापर्यंत सहजासहजी पोचत नाही, स्थिती नावाचा कॉलम करून शब्दात लिहा, मग त्या फिल्टर लावूनही काढू शकतील. कॉलम अरुंद राहिला की आकड्याच्या जागी तुम्हाला हॅशच्या खुणा दिसतात, पुष्कळदा स्क्रीन रीडरही त्याच खुणा वाचतो, म्हणून पाठवायच्या आधी कॉलम रुंद करा. रिकामी शीट दोन, शीट तीन उडवून टाका. चार्ट असेल तर त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणून दोन ओळीत काय दाखवलंय ते लिहा. रिव्ह्यूच्या टॅबमध्ये चेक ॲक्सेसिबिलिटी आहे, ते चालवलं की यातलं बरंचसं एक्सेल स्वतःच दाखवून देतं. शेवटी कर्सर ए१ वर नेऊन सेव्ह करा, कारण तुम्ही जिथं सोडलंत तिथंच त्यांच्याकडे फाइल उघडते, आणि एएफ३१० वर डोळे मिटून उभं राहायला कोणालाच आवडत नाही.

आणि कृपा करून शीटचा फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकू नका, फोटोत सेल नसतात. हे सगळं करूनही काही अडलं तर त्यांना सरळ विचारा. त्यांच्यासाठी म्हणून दुसरी वेगळी कॉपी बनवू नका, दोन कॉप्यांमधले आकडे हमखास वेगळे होतात, जी सगळ्यांची तीच त्यांची राहू द्या.

प्रश्न : मी महालातला, रिटायर झालो, मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, आता वाचता येत नाही. कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे मोबाइलमधलं स्क्रीन रीडर, वापरतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची वर्गणीची यादी गुगल शीटवर आहे, ती मोबाइलवर सांभाळता येईल का?

उत्तर : काका, पाहता येईल, एखाद-दुसरा आकडा भरताही येईल, पण अख्खी यादी मोबाइलवर सांभाळायचं म्हणाल तर मी नाही म्हणेन. टॉकबॅकमध्ये बोट सरकवत एकेक सेल ऐकावा लागतो, दोनदा टॅप करून आत लिहावं लागतं, आणि कंट्रोल-बाणासारखी उडी बोटानं घेता येत नाही. म्हणून एक साधा ब्लूटूथ कीबोर्ड मोबाइलला जोडून घ्या, बाणांनी फिरणं आणि टाइप करणं पुष्कळ सोपं होतं. मंडळात नाही तर नातवाकडे कॉम्प्युटर असेल तर आणखी बरं. तिथं ब्राउझरमध्ये गुगल शीट उघडल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि झेड एकदा दाबा म्हणजे तिचा स्क्रीन रीडर सपोर्ट चालू होतो, हे न करता बसलात तर शीट मुकी वाटते. बाण दाबल्यावर सेलऐवजी पानावरचं भलतंच वाचायला लागलं तर इन्सर्ट आणि स्पेस दाबा, एनव्हीडीए फोकस मोडमध्ये येतं आणि बाण शीटला मिळतात.

वर्गणीची यादी सगळ्यांच्या पैशाची आहे म्हणून भरलं की त्याच सेलवर परत येऊन ऐकायचं, आणि चुकलंच तर गुगल शीटमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कालची यादी परत आणता येते, तेव्हा बिनघोर हात घाला.